दोन मीटरमधली गळती

२३ फेब्रुवारी

चौतीस वर्षं पाणीपुरवठ्यात लॉगबुक लिहिलं. किती वाजता कुठल्या लाइनला किती दाब, कुठे गळती, कोणी दुरुस्त केली. स्वतःसाठी मात्र एक ओळ कधी लिहिली नाही. आज लिहितोय, कारण पुतणी म्हणाली, "काका, दिवसभर भिंतीशी बोलता, त्यापेक्षा वहीशी बोला." तिचं नाव कॉलेजात काहीही असो, घरात ती बिट्टीच.

धाकट्याला, माझ्या भावाला, जाऊन चौदा दिवस झाले. जे झालं ते आठवण ताजी आहे तोवर क्रमाने लिहून ठेवतो. पुढे लागेल.

मी रोजच्यासारखा त्याचा डबा घेऊन तो कामाला होता त्या काचेच्या दुकानात गेलो होतो. मला दुसरा उद्योग नाही. बायको जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून मी यांच्याकडेच असतो. धाकटा मोठी काच टेबलावर आडवी करत होता. काच मधूनच तडकली आणि वरचा तुकडा सरळ मांडीत उतरला. तो ओरडलासुद्धा नाही. "दादा, हे बघ काय झालं," एवढंच म्हणाला, जसं शर्टावर चहा सांडावा तसं.

मी कमरेचा पट्टा काढला आणि जखमेच्या वर करकचून आवळला. रक्त थांबलं. माझं डोकं त्या वेळी अगदी थंड होतं, हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतो. दुकानाच्या टेम्पोत मागे त्याला घेऊन बसलो, टेम्पोवाला पुढे. गावाबाहेरच्या छोट्या दवाखान्यापर्यंत अडतीस मिनिटं लागली. पट्टा बांधला की पाय मरतो, हे खात्यातल्या प्रथमोपचाराच्या वर्गात शिकवलं होतं. माझ्याकडे त्याचं प्रमाणपत्र आहे. म्हणून दर सात मिनिटांनी घड्याळ बघून दोन भोकं सैल करायचो, मिनिटभर पायात रक्त जाऊ द्यायचो, पुन्हा आवळायचो. आवळलं की तो कळवळायचा. "सोड ना, दादा." सोडलं की म्हणायचा, "हां, आता बरं वाटलं." पाय शेवटपर्यंत गरम होता. तेवढं तरी मी केलं.

दवाखान्यात एकच डॉक्टर. तिशीचा असेल. जखम उघडल्यावर विचारलं, "पट्टा मधे कोणी सोडला होता?" मी म्हटलं, "मी. दर सात मिनिटांनी." त्याने एकदा पट्ट्याकडे बघितलं. मग म्हणाला, "बरं. तुम्ही बाहेर बसा." आभार नाहीत, चांगलं केलंत नाही. शिकलेल्या माणसांना वागायची रीत कुणी शिकवत नाही.

पंचेचाळीस मिनिटांनी त्याने मला पुन्हा आत बोलावलं, धाकट्याजवळ उभं राहू दिलं. सात मिनिटांनी धाकटा गेला.

२५ फेब्रुवारी

केसपेपरची नक्कल मिळाली. अक्षर कोंबडीचे पाय, पण आकडे वाचता येतात. दाखल होताना बीपी सत्तर. सलाईनची पहिली बाटली भराभर, दुसरीही भराभर, आणि तिसरी अगदी थेंबथेंब. शहराकडून रक्त मागवलं, ते पोचायला वेळ लागणार होता. ते आलंच नाही वेळेत.

तिसरी थेंबथेंब! हे मी दाराच्या फटीतून स्वतः पाहिलं होतं. तेव्हा वाटलं, आपला डोळा चुकला असेल. चुकला नव्हता, कागदावर आहे. टाकी रिकामी होत चालली आहे आणि हा गृहस्थ भरायचा नळ बारीक करतो! आमच्याकडे पंपहाउसवर कोणी असं केलं असतं तर मी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

मी त्या दिवशी विचारलं होतं. तो म्हणाला, "पाण्याने दाब वाढतो, रक्त वाढत नाही, काका." मला दाब शिकवतोय. खात्यात मला सगळे प्रेशरसाहेब म्हणायचे, हे त्याला काय माहीत?

१ मार्च

ठरलं. डॉक्टरवर तक्रार करायची, पण नुसतं बोंबलून डॉक्टरांची चौकशी करणारी समिती ऐकत नाही. आकडे हवेत. मागच्या खोलीत मांडणी सुरू केली. पाच लिटरचा प्लास्टिकचा डबा म्हणजे धाकट्याच्या अंगातलं रक्त. कूलरचा छोटा पंप म्हणजे हृदय. रबरी नळीची एक फेरी, तिच्यावर उभी पारदर्शक नळी, तिच्यातल्या पाण्याची उंची म्हणजे बीपी. एक मीटर छत्तीस सेंटिमीटर म्हणजे शंभर. डब्यातलं पाणी कमी झालं की नळीतली उंची उतरली पाहिजे, ती माणसासारखी उतरावी म्हणून पुस्तकं चाळतोय. भरायला खरी सलाईनची बाटली आणि तिची नळी, धार कमीजास्त करायच्या चकतीसकट, केमिस्टकडून आणली. गळतीसाठी मांडीच्या जागी एक फाटा, त्यावर पट्ट्याच्या जागी चिमटा.

भावजय दारातून बघून गेली. ती या खोलीत येतच नाही. माझा पट्टा शोधत होतो, तो कचऱ्याच्या डब्यात सापडला. धुतलेला, चांगला, चामड्याचा पट्टा. विचारलं तर म्हणाली, "चुकून गेला असेल." चुकून पट्टा कसा जातो? दुःखात माणसाला भान राहत नाही. मी पुसून परत कमरेला लावला.

७ मार्च

मांडणी चालते. बिट्टीने संगणकात तेच गणित वेगळं घातलंय, म्हणजे दोन्ही ताडून बघता येतात. हुशार आहे पोरगी, बापासारखी बडबडी नाही.

हिशेब असा धरला. दुकानात पट्टा बांधेपर्यंत सातशे मिली गेलं (फरशीवरचा डाग मोजून, दुकानदाराने फरशी नीट पुसली नव्हती). वाटेत पट्टा बांधलेलाच होता, म्हणून वाटेतली गळती शून्य. म्हणजे दवाखान्याच्या दारात डब्यात चार लिटर तीनशे. इथून घड्याळ सुरू.

एक कुरकूर आहे. चार लिटर तीनशेला माझ्या नळीत पाणी एक मीटर चाळीसच्या आसपास राहतं, म्हणजे बीपी शंभरावर. केसपेपर म्हणतो सत्तर. बिट्टी म्हणाली, "काका, दारातच आकडा जुळत नाही." मी म्हटलं, त्यांचं यंत्र बिघडलेलं असणार. तिथला पंखासुद्धा एका पात्यावर कण्हत होता. दारातला आकडा सोडून दिला आणि गळतीच्या फाट्यालाही एक चकती लावून दवाखान्यातली गळती वाढवून मिनिटाला चाळीस मिली केली. मग पुढचे आकडे बऱ्यापैकी बसतात.

१० मार्च

आज दोन्ही चालवून पाहिले. डॉक्टरच्या पद्धतीने: दोन बाटल्या भराभर, तिसरी थेंबथेंब. उंची घसरत घसरत बावन्नाव्या मिनिटाला साठ सेंटिमीटरखाली. संपलं. माझ्या पद्धतीने: पाच बाटल्या सलग, नळ पूर्ण उघडा. तासभर उंची एक मीटरच्या वर! तासाभरात रक्त पोचलं असतं.

म्हणजे धाकटा वाचला असता. नुसती एक चकती अंगठ्याने फिरवायची होती.

ओरडून भावजयीला बोलावलं. ती दारापर्यंत आली, तिथूनच नळीकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. "म्हणजे डॉक्टरांची चूक," मी म्हटलं. ती म्हणाली, "तुम्ही म्हणता तर असेल." तिच्या आवाजात मला वाटला होता तेवढा संताप नव्हता. मलाच दोघांच्या वाटचा करावा लागतोय.

तक्ता स्वच्छ अक्षरात काढला. दोन रेघा, एक निळी, एक लाल. उद्या तक्रार.

२१ मार्च

तक्रार लागली. चौकशी संपेपर्यंत डॉक्टरला कामावरून बाजूला ठेवलंय. समितीच्या कारकुनाने सांगितलं, "तक्ता फार आवडला साहेबांना. असा पुरावा कोणी देत नाही." आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

संध्याकाळी भाजी आणायला गेलो तर तो डॉक्टर दुकानात उभा. हातात अर्धा डझन अंडी. मला बघून त्याने मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी. मी मान फिरवली. निर्लज्ज, दुसरं काय.

२८ मार्च

मुकादम आला होता. लाइनवरचा माझा जुना सोबती, निम्मं शहर त्याने खणलंय. त्याला मोठ्या ऐटीत मांडणी दाखवली, दारातल्या आकड्याच्या कुरकुरीसकट. तो कंबरेवर हात ठेवून बघत राहिला आणि मग हसला. या घरात दीड महिन्यात कोणी हसलं नव्हतं.

"साहेब, तुम्ही गळती चाळीसवर बांधून ठेवलीय?"

"हो. मिनिटाला चाळीस मिली. सारखी धरून ठेवतो, चकती फिरवून."

"अहो, पण दाब वाढला की गळती वाढते! तुम्हीच आम्हाला शिव्या घालायचात. दुपारी नळ बंद असले की लाइनला दाब चढतो आणि फुटकी जागा कारंज्यासारखी उडते. आता काय झालं, म्हातारपणी पाणी सुधारलं का?"

खरं आहे. चौतीस वर्षं हेच ओरडलो. भोक तेवढंच राहतं, गळती दाबाप्रमाणे. आणि मी या डब्यावर बसून गळती हाताने धरून ठेवत होतो. का, ते मला सांगता येत नाही. मुकादमाला म्हटलं, चहा घे आणि जा.

३० मार्च

गळतीची चकती काढून टाकली. नुसतं भोक ठेवलं. बिट्टी म्हणाली, "लाल रंगही घालू या, काका. सलाईन बिनरंगाचं ठेवू. म्हणजे किती खरं रक्त उरलं ते दिसेल." रंगाची बाटली तिचीच. बरणीत एक नमुना करून ठेवला, डब्यातलं पाणी त्याहून फिकं झालं की माणूस गेला असं धरायचं.

पाच बाटल्या सलग. पहिल्या दहा मिनिटांत उंची झकास वर. आणि भोकातून धार चाळीसवरून सत्तरवर. डबा भरलेला दिसतोय, पण आतलं पाणी गुलाबी, मग फिकं गुलाबी. एक्केचाळिसाव्या मिनिटाला बरणीपेक्षा फिकं. उंची मात्र एक मीटरवर, छान, ऐटीत.

मग डॉक्टरच्या पद्धतीने. दोन भराभर, मग थेंबथेंब. उंची कमी, धार कमी, रंग टिकून. अठ्ठावन्न मिनिटं.

तीनदा केलं. तेच.

नळ बारीक केल्याने त्याला सतरा मिनिटं जास्त मिळत होती. डॉक्टर वेळ काढत होता, रक्त येईपर्यंत. पाण्याने दाब वाढतो, रक्त वाढत नाही. मला हे एका वाक्यात सांगितलं होतं त्याने.

१ एप्रिल

दोन दिवस खोलीत गेलो नाही. तरीही डॉक्टरचं दुसरं काहीतरी चुकलंच असेल, असं मनात घोळवतोय. चुकल्याशिवाय माणूस जातो का? समितीला कळवायला हवं, हे कळतं. पण पत्र लिहायला बसलो की हाताला दुसरंच काम सुचतं. कूलर दुरुस्त केला. त्याला पंप नाही, तो मागच्या खोलीत आहे. तरी दुरुस्त केला.

३ एप्रिल

मुकादमाचा फोन. "साहेब, झोप लागत नाही. तुमच्या दारातल्या आकड्याचं काय झालं?"

"त्यांचं यंत्र बिघडलेलं."

"खात्यात तुम्ही आम्हाला हे बोलू दिलं असतं का? इकडच्या मीटरवर शंभर निघाले, तिकडच्या मीटरवर सत्तर पोचले. मीटर बिघडलं म्हणायचं नाही, मधली लाइन खणायची. तुमचंच वाक्य."

मी म्हटलं, मधे लाइन बंद होती. पट्टा आवळलेला होता.

"मग खणा," तो म्हणाला. मुकादम आयुष्यभर असाच आहे, जिथे सांगू नये तिथे पहार मारतो.

४ एप्रिल

दुकान आणि दवाखाना यांमधला फरक बिट्टीने काढून दिला. सत्तर बीपी यायला दारात डब्यात तीन लिटर एकशे ऐंशी हवेत. म्हणजे वाटेत अकराशे वीस मिली गेलं. कुठे? पट्टा घसरला असेल. जखम दुसरीकडेही असेल. टेम्पोवाल्याला विचारायला हवं. दोन महिने तो मला बघितलं की टेम्पो पुसायला लागतो.

बिट्टी आज माझ्याशी फार हळू बोलत होती. "काका, नाही खणलं तर नाही का चालणार?" मी म्हटलं, गणित आहे हे, अर्धं टाकायचं नसतं. तिचे डोळे भरले. ती बापाच्या आठवणीने अशी मधेच रडते.

५ एप्रिल

टेम्पोवाला म्हणाला, "साहेब, पट्टा घसरला नव्हता. तुम्ही सोडत होतात ना. तुम्ही सोडलं की मागून पाटात पाणी सोडल्यासारखा आवाज यायचा. मी आरशातून बघत होतो. म्हणायला हवं होतं मी. पण तुम्ही एवढे खात्रीने करत होतात, घड्याळ बघून. मला वाटलं, साहेबांना माहीत आहे."

६ एप्रिल

काही लिहिण्यासारखं नाही.

९ एप्रिल

चिमटा आठव्या, पंधराव्या, बाविसाव्या, एकोणतिसाव्या आणि छत्तिसाव्या मिनिटाला सोडला. प्रत्येक वेळी एक मिनिट. दोन भोकं सैल, म्हणजे चिमटा तेवढाच. खाली मोजायचं भांडं.

दोनशे साठ. दोनशे चाळीस. दोनशे वीस. दोनशे पाच. एकशे नव्वद.

बेरीज अकराशे पंधरा. उभ्या नळीत पाणी पंचाण्णव सेंटिमीटर. बीपी सत्तर.

त्यांचं यंत्र बिघडलेलं नव्हतं.

१० एप्रिल

प्रमाणपत्र शोधून काढलं. माझं नाव, शिक्का, सही, सगळं आहे. वर्गाची वहीसुद्धा सापडली. "ठरावीक वेळाने सैल करावे." माझंच अक्षर. आताच्या पुस्तकात बिट्टीने दाखवलं, सैल करू नये, डॉक्टरच सोडतील. हे केव्हा बदललं? मला कोणी का नाही कळवलं? एवढी पत्रकं यायची खात्यात, झाकणांच्या रंगाचीसुद्धा यायची.

पण मी पाणीवाला आहे. मला पत्रक कशाला हवं होतं? वर चिमटा सोडला की खालच्या भोकातून काय होतं, हे मला झोपेतून उठवून विचारा. त्या दिवशी माझ्या मांडीवर धाकट्याचं डोकं होतं आणि तो म्हणत होता, आता बरं वाटलं. मला ते ऐकायचं होतं. मी खाली बघतच नव्हतो, मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

१२ एप्रिल

डॉक्टरच्या खोलीवर गेलो. दवाखान्याच्या मागेच राहायचा. खोली रिकामी. खिळ्याला एक हँगर, कोपऱ्यात अंड्यांचा कागदी ट्रे. आठवड्यापूर्वीच गेला, कुठे ते कोणालाच माहीत नाही.

सिस्टर भेटल्या. त्या दिवशी त्याच होत्या. बाकावर माझ्या शेजारी बसल्या. मी सगळं सांगितलं, पट्ट्याचं, आकड्यांचं. त्यांना ऐकून काही नवल वाटलं नाही.

"त्यांनी लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "पट्टा वारंवार सोडल्यामुळे वाटेत बराच रक्तस्राव, असं. मग बाहेर डोकावले. तुम्ही इथेच बसला होतात, या बाकावर, पट्टा मांडीवर घेऊन. आत येऊन पान काढलं आणि दुसऱ्या पानावर पुन्हा लिहिलं. मला म्हणाले, त्यांना हा कागद मिळेल ना वाचायला? मग नको."

"मी तक्रार केली तेव्हा तरी बोलायचं!"

"मी म्हटलं त्यांना. म्हणाले, काकांनी एवढं यंत्र मांडलंय, कधीतरी त्यांचं त्यांनाच कळेल, आणि तेव्हा ते येतील. वाट बघितली हो त्यांनी. तुम्ही भाजीच्या दुकानात मान फिरवलीत ना, त्या दिवसापासून सामान आवरायला घेतलं."

मी विचारलं, आता इथे कोण बघतं. आता दवाखान्यात आठवड्यातून दोनदा एक डॉक्टर येतो, सकाळी. गेल्या मंगळवारी एक बाळंतीण आली, तिला शहराकडे पाठवलं. पुढे काय झालं ते सिस्टरना माहीत नव्हतं. मी विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

१७ एप्रिल

सुनावणी. लांब टेबल, तीन डॉक्टर, पाण्याचे तीन ग्लास, झाकणासकट. समोरच्या खुर्चीत मी. डॉक्टरची खुर्ची रिकामी. त्याचं पत्र अध्यक्षांनी वाचलं, "मला काही म्हणायचं नाही." एवढंच.

मी नवा तक्ता नेला होता. पट्ट्याचं सांगितलं, पाच आकडे सांगितले, टेम्पोवाल्याचं नाव दिलं, सिस्टरचं दिलं. चूक माझी आहे, त्यांची नाही, असं सरळ म्हटलं. तिघांनी शांतपणे ऐकलं. अध्यक्ष चांगले होते, हेच वाईट. चष्मा काढून म्हणाले, "तुमचं दुःख कळतं आम्हाला. घरचं माणूस गेलं की प्रत्येकाला वाटतं, आपल्यामुळे गेलं. पण केसपेपरवर पट्ट्याचा उल्लेखच नाही. इतकी मोठी गोष्ट डॉक्टर लिहिणार नाही का?"

"त्याने माझ्यासाठी लिहिली नाही!"

"तुमचा पहिला तक्ता फार सुरेख आहे," दुसरे म्हणाले. "दोन रेघा. कोणालाही कळेल असा."

"तो चुकीचा आहे. त्यात गळती हाताने धरून ठेवली होती."

"आणि या दुसऱ्यात नाही, याची खात्री?"

मी नव्या तक्त्याची घडी घातली. तक्रार मागे घेता येत नाही, असा नियम आहे. टेम्पोवाल्याला बोलावणं आवश्यक वाटत नाही, असं कारकुनाने लिहून घेतलं. बाहेर येताना तो म्हणाला, "काळजी करू नका, निकाल तुमच्याच बाजूने आहे."

१८ एप्रिल

भावजयीला सांगायचंच होतं. सकाळी ती कपडे वाळत घालत होती. मी चिमट्यांची टोपली धरून उभा राहिलो, म्हणजे तिला माझ्याकडे बघावं लागू नये. सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "मला माहीत आहे, भाऊजी. टेम्पोवाला पहिल्याच आठवड्यात येऊन रडला होता."

"मग पट्टा..."

"मीच टाकला होता. तुम्ही परत लावलात. तुम्हाला रोज त्या पट्ट्यात जेवायला वाढते मी."

मी तिथेच काढायला लागलो. ती म्हणाली, "आता काय त्याचं?" मग बराच वेळ चादर झटकत राहिली. "तुम्ही त्याला वाचवायलाच बसला होतात, हे कळतं मला. पण कळतं म्हणून राग जात नाही. तुम्ही डॉक्टरवर कागद केलात तेव्हा मी बोलायला हवं होतं. नाही बोलले. मला वाटलं, असू दे. दुसऱ्या कोणाची तरी चूक असू दे. या घरात आम्हाला राहायचंय तुमच्याबरोबर."

"मी जातो दुसरीकडे."

"कुठे जाल?" ती म्हणाली. त्यात माया होती का नुसती चौकशी, मला कळलं नाही. चिमटा मागितला, मी दिला.

२३ एप्रिल

निकाल आला. डॉक्टरला तीन वर्षं काम करायला बंदी. कारण: सलाईन पुरेसे व वेळेत न देणे. सोबत माझा निळ्या-लाल रेघांचा तक्ता, आणि एक ओळ, की असे प्रसंग टाळण्यासाठी तो सर्व लहान दवाखान्यांत लावावा. सर्व लहान दवाखान्यांत. गळती हाताने धरून ठेवलेला तक्ता, भिंतीभिंतीवर. कोणीतरी डॉक्टर तो बघून नळ पूर्ण उघडेल.

समितीला तीन पत्रं टाकली. मुकादम म्हणाला, वर्तमानपत्रात द्या. दिलं. छापतील असं वाटत नाही. गळती आहे तिथे खणायची परवानगीच कोणी देत नाही.

२६ एप्रिल

एक गणित राहिलं होतं. बिट्टीने ते संगणकावर कधीच केलंय, हे मला आज कळलं. तिने पान उघडं ठेवून चटकन मिटलं. मी म्हटलं, सांगू नकोस. मी मांडणीवर करतो.

सकाळी दहाला सुरू केलं. पाच लिटर, लाल. दुकान: सातशे मिली सोडलं, चिमटा आवळला. आणि अडतीस मिनिटं काहीही करायचं नाही. एवढंच गणित.

दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसलो. आठवं मिनिट आलं. सोड ना, दादा. पंधरावं. दुखतंय रे. बाविसाव्याला मी उठून खिडकीपाशी गेलो आणि परत येऊन हातांवर बसलो. एकोणतीस. छत्तीस. धाकटा खूप ओरडला असता, शिव्या दिल्या असत्या, आयुष्यभर म्हणाला असता, दादाने माझा पाय घालवला. पाय कदाचित गेलाही नसता. एवढ्या वेळात जात नाही, असं पुस्तकात आहे.

अडतिसावं मिनिट. डब्यात चार लिटर तीनशे. नळीत एक मीटर चाळीस. मग दवाखाना, भोक आता बारीक, कारण चाळीसची गळती मी दारातला तोटा झाकायला फुगवली होती; डॉक्टरच्या पद्धतीने, दोन बाटल्या, मग थेंबथेंब. एक तास. दीड तास. रक्ताची गाडी येऊन गेली असती. पाण्याचा रंग बरणीपेक्षा कितीतरी गडद. नळीतली रेघ जागच्या जागी.

तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात लिहिलं: जिवंत.

दुपारी भावजय दारात आली. या खोलीत ती पहिल्यांदाच आत आली. "दोन वाजले, भाऊजी. पंप अजून चालू आहे."

"हो," मी म्हटलं. "राहू दे जरा."

ती स्टूल ओढून बसली. आम्ही दोघं बघत राहिलो. बंद करायला माझा हात उठत नव्हता, आणि तिनेही बंद करा म्हटलं नाही.